हणमंतरावांचा काटा

लातूर
१८ नोव्हेंबर १९९३

नासिरभाई, नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण तांत्रिक आहे. मागच्या महिन्यात नांदेडला आलो होतो, तेव्हा तुमच्या दुकानातल्या भंगाराच्या खोक्यातून एक काचेचा मीटर मी पिशवीत टाकला. तुम्ही नमाजला गेला होता, म्हणून सांगायचं राहिलं. आठ वर्षं तुमच्या गल्लीत भाड्यानं राहिलो, तेवढा हक्क समजलो.

घरी आणून त्याला दोन वायरी जोडल्या आणि दाराजवळच्या प्लगात खुपसल्या. मीटर तीनशे व्होल्टपर्यंतचा आहे. काटा वर गेला नाही. शून्यावरच राहिला, पण थरथरू लागला, हिवताप आलेल्या माणसासारखा. मी भिंतीला हात लावून बघितलं, भिंत स्तब्ध. पाण्याचा ग्लास ठेवून बघितला, पाणी स्तब्ध. म्हणजे जे भिंतीला आणि पाण्याला कळत नाही ते या काट्याला कळतं, असं माझं मत झालं आहे.

मताला पुरावाही आहे. मंगळवारी थरथर नेहमीपेक्षा जास्त होती आणि बुधवारी पहाटे आमच्या फळीवरची भांडी वाजली. भूकंपानंतर असे धक्के चालूच आहेत, पण आदल्या दिवशी सूचना मिळाली ती पहिल्यांदाच.

सध्या आम्ही अंगणात ताडपत्रीखाली झोपतो. शीलाच्या आईचे गुडघे धरले आहेत, ती बोलते, मी ऐकतो. शीलाचा क्लास बंद केला आहे. क्लास दुसऱ्या मजल्यावर आणि जिना एकच. तिचं बारावी सायन्सचं वर्ष आहे हे लोक मला रोज सांगतात, जणू पोरगी त्यांची आहे. परीक्षेचं केंद्र जुन्या दगडी शाळेत येतं. दगडाखाली मी तिला बसवणार नाही. काट्याचा भरवसा वाटला तरच बघू, नाहीतर वर्ष गेलं तर गेलं.

काटा आणखी नाजूक करण्यासाठी काय करावं तेवढं कळवा. जोहरावहिनींना नमस्कार. पत्त्यावर पिनकोड घालत चला. मागच्या पत्रावर नव्हता. सॉर्टिंगला मीच बसलो होतो म्हणून ते सापडलं.

हणमंतराव


नांदेड
२५ नोव्हेंबर १९९३

हणमंतराव, सलाम.

खोका भंगाराचा नव्हता. तो माझा माल ठेवायचा खोका आहे. असो, मीटर गेला कुठं म्हणून मी पोरांना बोललो, आता त्यांची माफी मागतो.

तुम्ही नेलेला मीटर बंद पडलेल्या एका गिरणीच्या डीसी मोटारीवरचा आहे. त्याच्या काचेत V लिहिलाय, त्याच्या खाली आडवी सरळ रेघ आहे. ती रेघ म्हणजे डीसी, एकाच दिशेनं जाणारी वीज. आत एक लोहचुंबक आहे, त्याच्या मध्ये बारीक तारेचं वेटोळं आणि वेटोळ्याला काटा. वीज आली की वेटोळं वळतं, काटा सरकतो. वीज उलटी आली तर काटा उलटा सरकतो. इतकी सरळ वस्तू आहे.

तुमच्या घरातली वीज एसी. ती सेकंदाला पन्नास वेळा जाते आणि पन्नास वेळा परत येते. बिचाऱ्या काट्याला हुकूम मिळतो, पुढं हो. तो पाऊल उचलतो तोच हुकूम येतो, मागं फिर. दोन सासवांच्या घरातली सून जशी दारातच घोटाळते तसा तो शून्यावर घोटाळतो. जाणं आणि येणं सारखंच, म्हणून हिशेबाला शून्य. थरथर आहे ती विजेची आहे, जमिनीची न्हाई.

आता मंगळवारचं. व्होल्टेज वाढलं की थरथर वाढणार. तुमच्या गल्लीमागं दालमिल आहे. ती बंद असली की लाईनवरचा बोजा उतरतो आणि व्होल्टेज चढतं. मंगळवारी मिल बंद होती का, एवढंच कळवा.

आणि पोरीला क्लासला पाठवा. जोहरा म्हणते, वहिनींना घरात झोपू द्या.

नासिर

ता. क. पिनकोड घातलाय.


लातूर
४ डिसेंबर १९९३

नासिरभाई, नमस्कार.

मंगळवारी दालमिल बंद होती. मालकाचे काका वारले होते. हा मी योगायोग समजतो.

तुमचं म्हणणं की काटा विजेमुळं थरथरतो. मान्य. पण वीज तारेतून येते, तारा खांबावर, आणि खांब जमिनीत पुरलेले. याचा विचार तुम्ही केलेला दिसत नाही. दोन सासवांचा दाखला शीलाच्या आईला आवडला. तिनं तो गल्लीत सांगितला, माझ्या नावावर.

काट्याची कीर्ती आता चार घरांपलीकडं गेली आहे. ड्यूटीवरून आलो की लोक वाट बघत असतात. उदगीरकडच्या कमलम्मा रोज सकाळी दारात येऊन विचारतात, "काका, काटा कसा हाय?" मी बघून सांगतो. बरा आहे म्हटलं की त्या घरात जाऊन चूल पेटवतात. एका माणसाच्या शब्दावर एवढी घरं चालतात ही मोठी जबाबदारी आहे. पोस्टात इतकी वर्षं काढली, कुणी दारात येऊन काही विचारलं नव्हतं.

लाईट गेली की काटा गप्प होतो. भूकंपाच्या पहाटेही आधी लाईट गेली होती, हे तुम्हाला आठवत असेल. म्हणून काटा गप्प झाला की मी थाळी वाजवतो आणि सगळे बाहेर येतात.

ताईच्या घरात असा एक काटा असता तर. एवढंच म्हणतो.

हणमंतराव


लातूर
१२ डिसेंबर १९९३

नासिरचाचा, आदाब.

हे पत्र टपालात टाकलेलं नाही. लातूरचं सगळं टपाल बाबांच्या हाताखालून जातं आणि माझं अक्षर ते पाकिटावरूनच ओळखतात. म्हणून नांदेडच्या बसच्या कंडक्टरच्या हाती दिलंय. कंडक्टरची बहीण आमच्या क्लासमध्ये आहे. उत्तरही त्यांच्याच हाती द्या.

चाचा, आमच्या गल्लीत लाईट रोज जाते. रोज बाबा थाळी वाजवतात, रोज गल्ली रस्त्यावर येते. परवा एक आजोबा आंघोळ अर्धी टाकून आले होते. आई म्हणते, "मला भूकंप काय करत न्हाई, ही थंडीच नेणार हाय."

त्यात आता आमच्या क्लासचे व्यंकट सर. भूकंपाच्या आधी त्यांच्याकडं बाकावर जागा नव्हती. इस्लापूरपासून, उमरीपासून पोरं येऊन खोल्या करून राहिली होती. आता निम्मी घरी गेली आणि आईबाप परत पाठवत नाहीत. सर एका संध्याकाळी आले, काट्यासमोर हात जोडून उभे राहिले आणि बाबांना म्हणाले, "हणमंतराव, असा एक आमच्या क्लासला बसवून द्या. तुमचं नाव टाकतो." दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या जाहिरातीत छापून आलं, भूकंपसूचक काट्याची सोय, मार्गदर्शक हणमंतराव. बाबांनी ते कात्रण शर्टाच्या खिशात ठेवलंय. मला मात्र क्लासला सोडत नाहीत. दुसरा मजला म्हणतात.

मला परीक्षा द्यायचीय, चाचा. मला इंजिनिअरिंगला जायचंय आणि हे वर्ष गेलं तर मामा लग्नाचं बघायला लागतील, ते आताच विचारून राहिलेत. मैत्रिणीच्या वह्या आणून मी अंगणात वाचते. बाबांवर चिडावं म्हणते, पण चिडता येत नाही. सगुणाआत्यांना ढिगाऱ्यातून काढायला ते तुमच्याबरोबर गेले ते परत आले आणि एकदाही रडले नाहीत. तेराव्यालाही नाही. नुसता काटा बघतात.

काटा थरथरायचा थांबेल असं काही करता येईल का?

तुमची शीला


नांदेड
१५ डिसेंबर १९९३

बेटा शीला,

सुपारीच्या डबीत चार डायोड पाठवतोय. काळे, शेंगदाण्याहून लहान, एका टोकाला रुपेरी पट्टी. सोबतच्या कागदावर जोडणी काढून दिली आहे. प्लग काढल्याशिवाय एका तारेलाही हात लावायचा न्हाई. आणि बाबांना सांगून कर. मीटर चोरून दुरुस्त करायची पद्धत आपल्यात नको, चोरून नेण्याची एकदा झाली तेवढी पुरे.

डायोड म्हणजे एका बाजूनं उघडणारं दार. असे चार चौकोनात बसवले की वीज इकडून येवो का तिकडून, वेटोळ्यातून मात्र एकाच दिशेनं जाते. मग काट्याला एकच हुकूम, पुढं हो. तो वर जाईल आणि ठरेल.

घरात दोनशेतीस असताना तो सुमारे दोनशेसातवर ठरेल. त्याला खराब समजू नको. दोनशेतीस हा आकडा कामाचा आकडा आहे. एसी लाट सव्वातीनशेपर्यंत चढते, शून्यावर येते, उलटी जाते. एवढ्या चढउतारात ती शेगडी जितकी तापवते, तितकीच तापवायला सरळ डीसी दोनशेतीस लागली असती. तुझ्या पुस्तकात याला आरएमएस म्हणतात. पण हा काटा शेगडी न्हाई. तो लाटेची सरासरी घेतो, आणि सरासरी येते दोनशेसात. डायोडवाला एसी मीटर बनवणारे लोक पट्टी छापतानाच आकडे तेवढ्या पटीनं वाढवून छापतात, म्हणजे एक पूर्णांक अकरा शतांश. गिऱ्हाईकाला दोनशेतीस दिसतं आणि तो खूश राहतो.

पेपरात आलं तर लिही.

नासिरचाचा


लातूर
३ जानेवारी १९९४

नासिरभाई, नमस्कार.

तुम्ही पाठवलेली सुधारणा शीलानं माझ्या देखरेखीखाली बसवली. काटा वर गेला आणि दोनशेसातवर उभा राहिला. अजिबात थरथर नाही. मी तासभर बघत होतो. खरं सांगतो, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. त्या दिवशी आम्ही आत झोपलो. दुसऱ्या दिवशीही. शीला दोन दिवस क्लासला गेली.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला काटा खाली यायला लागला. एकशेनव्वद, एकशेसत्तर, एकशेपन्नास. मी थाळी वाजवली. कमलम्मा तान्ह्या नातवाला पाळण्यासकट घेऊन आल्या. शीला म्हणते, संध्याकाळी सगळ्या घरांचे दिवे आणि शेगड्या लागतात, शेतावरचे पंप चालू होतात, म्हणून व्होल्टेज पडतं. असेल. पण काटा पूर्वी नुसता थरथरायचा, आता पडतो. पडणं हे थरथरण्यापेक्षा गंभीर आहे, हे कुणीही सांगेल. आम्ही परत अंगणात आलो आहोत.

व्यंकट सरांना सहा नग हवे आहेत. प्रत्येक वर्गात एक आणि एक पाटीशेजारी, रस्त्यावरून दिसेल असा. तुमच्याकडून करून पाठवा.

शीलाचं मी ठरवलं आहे. यंदा परीक्षा नाही. पुढच्या वर्षी जमीन शांत होईल तेव्हा बघू. ती दोन दिवस जेवली नाही. जिवंत आहे म्हणून उपाशी राहू शकते, असं मी तिला म्हणालो. ते बोलणं बरोबर नव्हतं हे मला नंतर कळलं.

हणमंतराव


नांदेड
१० जानेवारी १९९४

हणमंतराव,

सहा नग मिळणार न्हाईत. व्यंकट सरांना सांगा, नासिरच्या दुकानात असला माल होत न्हाई. लोकांची पोरं ज्या भरवशावर आईबाप सोडतात, तो भरवसा मी पत्र्याच्या डबीत घालून विकणार न्हाई.

मी तुम्हाला चार डायोड पाठवले ती माझी चूक झाली. मला वाटलं काटा सुधारला की माणूस सुधारेल.

आता नीट वाचा. त्या दिवशी आपण सगुणाबाईंच्या गावी गेलो, तेव्हा टेम्पोत माझं जनरेटर होतं. त्याच्यावर दोन मीटर होते, व्होल्टचा आणि अँपियरचा. दोन्ही अस्सल एसीचे. त्यांच्या आत चुंबक नसतो. लोखंडाच्या दोन पट्ट्या असतात, वीज कुठूनही आली तरी त्या एकमेकींना ढकलतात आणि काटा खरं तेच दाखवतो. व्होल्टचा मीटर दोन तारांच्या मध्ये आडवा बसतो, थोडीशीच वीज पितो. अँपियरचा वाटेत बसतो, सगळी वीज त्याच्या पोटातून जाते. तुमच्या काट्यापेक्षा दसपट भारी मीटर होते ते.

संध्याकाळी आपण दिवे लावले. दिवे वाढवले तसा अँपियरचा काटा वर सरकला. व्होल्टचा काटा दोनशेतीसवर सरळ उभा होता. त्याच उजेडात आपण दगड उचलले, तुम्ही एका बाजूनं, मी एका बाजूनं. सगुणाबाई सापडल्या तेव्हा मी का कोण जाणे, मान वर करून काट्याकडं बघितलं. दोनशेतीस. जमीन त्याच्याखालीच होती, हणमंतराव. लोक त्याच्यासमोर रडत होते. काट्याला काही कळलं न्हाई. दिवे किती लागले तेवढं कळलं.

मीटर त्याच्या दोन तारांमधलं सांगतो. बाहेरचं त्याला कुणी शिकवलेलं न्हाई.

तुम्हाला भीती वाटते, ती मलाही वाटते. मी अजून पंखा हलला तरी उठून बसतो. सगुणाबाईंच्या हातच्या करंज्या आमच्या घरी दर दिवाळीला येत होत्या, यंदा जोहरानं डबा घासून ठेवला आणि रडत बसली. तुम्हीही रडा. त्याला मीटर लागत न्हाई. पण पोरीचं वर्ष घेऊ नका.

रागावून लिहिलंय. माफ करायचं का न्हाई ते तुम्ही बघा.

नासिर


लातूर
१९ फेब्रुवारी १९९४

नासिरचाचा, आदाब.

हे कार्ड बाबांनीच दिलंय आणि टपालातच टाकणार आहे, म्हणून मोजकं लिहिते. तुमचं पत्र आल्यापासून ते काट्याबद्दल कुणाशीच बोलत नाहीत. कमलम्मांनी विचारलं तर म्हणतात, "मला माहीत न्हाई." थाळी आईनं स्वयंपाकघरात नेली. झोपतो मात्र बाहेरच.

काल जेवताना एकदम म्हणाले, परीक्षेला बस. मी फाटकासमोर काटा लावून बसणार. तो पडला तर मी आत येईन आणि तू पेपर टाकून बाहेर यायचं. मी हो म्हटलं. पेपर टाकून येईन की नाही ते मी सांगितलेलं नाही.

व्यंकट सरांना काटा दुसरीकडून मिळाला. पाटीशेजारी लावलाय. त्याला वायरच जोडलेली नाही, म्हणून तो कायम शांत असतो. पोरं परत यायला लागली आहेत.

शीला


नांदेड
२२ फेब्रुवारी १९९४

बेटा शीला,

बसू दे त्यांना समोर. ऊन लागेल, टोपी द्यायला सांग आईला. तू पेपराकडं बघ. रोजे चालू आहेत, दुआ करतोय. कार्ड बाबा वाचणारच, म्हणून त्यांनाही सलाम.

नासिरचाचा


लातूर
२ मार्च १९९४

नासिरभाई,

काल शीलाचा इंग्रजीचा पेपर झाला. शाळेच्या फाटकासमोर मारोतीची चहाची टपरी आहे. त्याच्या बोर्डात मी मीटर लावला आणि बाकावर बसलो. टोपी होती.

आसपास सगळे पालकच होते. व्यंकट सरांच्या जाहिरातीमुळं त्यातले बरेच मला ओळखत होते. इस्लापूरहून एक बाई आली होती, मुलगा आत, हिच्या हातात त्याचा डबा. ती मला सारखी विचारत होती, "भाऊ, बरा हाय ना काटा?" मी म्हणत होतो, बरा आहे. मला तेवढं म्हणायलाही कष्ट पडत होते, कारण तुमचं पत्र माझ्या खिशात होतं. कात्रणाच्या जागी.

पेपर अर्ध्यावर आला असेल आणि काटा पडला. एकदम शून्यावर. मारोतीचा रेडिओ बंद झाला. नासिरभाई, त्या लोकांनी शाळेकडं बघितलं नाही, पायाखाली बघितलं नाही, सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. ती बाई डबा सोडून उभी राहिली. दोघंतिघं फाटकाकडं चालूही लागले. मला तेव्हा दिसलं की मी नुसता उठलो तरी ही माणसं फाटक ढकलून आत जाणार, नावं घेऊन ओरडणार, आणि शाळाभर पोरं एका जिन्याकडं धावणार. त्यात शीला. दगड एकही पडणार नाही आणि पोरं चेंगरून मरतील. माझ्या उठण्यानं.

मी उठलो नाही. मी मोठ्यानं म्हणालो, "लाईट गेली. बसा सगळे. नुसती लाईट गेलीय, दुसरं काही न्हाई." ती बाई म्हणाली, "नक्की का, भाऊ?" मी म्हणालो, नक्की. आणि प्लग काढून टाकला.

ते बसले. मारोतीनं सगळ्यांना चहा दिला. मी ग्लास बाकावर ठेवला. ताई आठवली. त्या दिवशी दिसली तशी नाही, नेहमीसारखी, डोक्यावर पदर घेऊन वाड्यावस्त्यांच्या चौकश्या करत बसलेली. मी तिथंच, परक्या माणसांत, तोंडाला टोपी लावून रडलो. पुष्कळ वेळ. ती इस्लापूरची बाई माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. मला ताईची फार आठवण येते, नासिरभाई. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

लाईट कधी आली ते मला माहीत नाही. शीला बाहेर आली, पेपर बरा गेला म्हणाली. माझ्याकडं बघितलं. तिनंच वायरी गुंडाळून मीटर पिशवीत टाकला. रस्त्यानं येताना म्हणाली, "बाबा, परवा तुम्ही येऊ नका. तुम्हाला बघून लोक घाबरतात."

तिचं बरोबर आहे. उद्या ती एकटी जाईल. मी रजा टाकली आहे, ती परत येईपर्यंत घरी थांबणार आहे. शीलाच्या आईनं विचारलं, तोपर्यंत अंगणातच बसणार का. मी म्हणालो, नाही, आत बसेन.

हणमंतराव